खाऱ्या पाण्यातला किडा

चिमट्यात धरलेला किडा गेणबाआबांनी उजेडाकडे फिरवला. वीतभर लांब, गुलाबी, दोन्ही अंगांना पांढरे केस. उसातली हुमणी, खोडकिडा, मावा ते भावकीतल्या माणसांसारखे ओळखत. हा गडी कुठल्याच भावकीत बसेना.

"मासा ह्यानंच खाल्लाय," ते काचेच्या टाकीला म्हणाले. "हुमणीची पावडर सोडतो. समदं खलास."

"नगा आबा," मागून सून सोनम म्हणाली. "पोवळी मरतील. ऱ्हायलेलं मासं बी. त्यांचं तेवढंच राहिलंय."

आबा टाकीकडेच बघत राहिले. रणजित वावरात उभ्याउभ्या कोसळला, तेव्हापासून ते सोनमशी थेट बोलत नसत. लग्नाला वर्ष व्हायच्या आत पोरगं गेलं, हिचा पायगुणच तसला, हे तेराव्याला चारचौघांत त्यांनीच म्हटलं होतं.

टाकी रणजितची. जमीन खारावली की भवानीनगरात लोक कपाळाला हात लावतात. रणजित पुण्याहून मीठ विकत आणून पाणी खारट करायचा. लोक हसायचे. आबाही हसायचे, पण पाहुण्यांना आधी टाकीच दाखवायचे.

सोनमनं पुण्याच्या मासेवाल्या दुकानदाराला, अविराजला, किड्याचा फोटो धाडला होता. त्याचा फोन आला. तिनं आवाज मोठा केला.

"काका, हा कुणाला मारत नाही. मेलेलं तेवढं खातो. तो नसता तर पाणी नासून बाकीचे मासेही गेले असते. फक्त उघड्या हातानं धरू नका, केस रुततात. रुतलेच तर चिकटपट्टीनं ओढून काढा."

"मग मासा कशानं मेला?"

"आधीचं दुखणं असणार. आम्हाला मासे देणाऱ्यांना बहुतेक ठाऊक असतं. सांगत नाहीत."

फोन ठेवल्यावर आबांनी पावडरीचा पुडा खिडकीत सरकवला. चिमटा पाण्यावर धरून उघडला. किडा चिकटून राहिला. त्यांनी बोटानं ढकलला. तो खडकामागे गेला, केस बोटात राहिले.

सोनम चिकटपट्टी घेऊन आली. "हात द्या."

त्यांनी दिला. तिनं पट्टी बोटावर दाबली.

"शाळंत असताना रणजित पळता पळता पडला व्हता," आबा म्हणाले. या खेपेला टाकीला नव्हे. "डॉक्टर म्हणलं, काळजाला भोक हाय."

सोनमची बोटं थांबली.

"तुज्या घरच्यांना आमी बोललो न्हाय."

मग सोनमनं पट्टी एका हिसक्यात ओढली. आबांनी हात मागे घेतला नाही.

तिनं बोट उजेडाकडे फिरवून पाहिलं.

"अजून हायेत," ती म्हणाली, आणि नवी पट्टी फाडली.