कपाटाचा आवाज

लिलीचं कपाट रविवारी सकाळी अकरा वाजता जाणार होतं. म्हणून शनिवारी मी खोर फक्कानला गेलो.

कपाटाचा आणि खोर फक्कानचा काय संबंध ते सांगतो.

मी बेस वाजवतो. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. बँडमध्ये तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, पण मध्येच थांबवली तर नाचणाऱ्यांचे पाय चुकतात. पोटासाठी मी एका एसी मेंटेनन्स कंपनीत स्टोअर सांभाळतो, म्हणजे मागच्या महिन्यापर्यंत सांभाळत होतो. बेस ही हौस. चर्चचा सण, वसईकरांची लग्नं, ख्रिसमसचा डान्स, एवढंच आमच्या बँडचं काम.

लग्न करून लिलीला मी वसईच्या नंदाखालहून इथे आखातात आणली तेव्हा अल मनखूलमध्ये एका फ्लॅटची एक खोली आमची होती. बाकीच्या दोन खोल्यांत दोन कुटुंबं. ॲम्प्लिफायर लावायची सोयच नव्हती. आणि इलेक्ट्रिक बेस ॲम्पशिवाय वाजवला तर ऐकणाऱ्याला नुसतं टक-टक ऐकू येतं. एका संध्याकाळी मी पलंगावर बसून असाच टक-टक करत होतो. जागा इतकी कमी की बेसचं डोकं, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात ते वरचं टोक, कपाटाला टेकलं. तार वाजली आणि अख्खं कपाट घुमलं.

लिली भाजी निवडत होती. तिने मान वर केली. "हे कुठून आलं?"

"कपाटातून."

ती उठली, कपाटाच्या उजव्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आता वाजव."

ती फार्मसीत काउंटरला होती. नऊ तास उभं राहायचं काम. घरी आली की पाठ धरायची. त्या दिवसापासून चहा झाला की ती दाराला पाठ लावून बसायची, डोकं मागे टेकायची आणि डोळे मिटायची. मी बेसचं डोकं कपाटाला टेकवून वाजवायचो. आवाज तिच्या कानापेक्षा पाठीत जास्त जायचा.

"हे माझं मसाज सेंटर," ती म्हणायची. "बाहेर तासाला शंभर दिरहम घेतात. म्हणजे तेराशे रुपये. तू फुकटात मिळालास."

"फुकटात कुठे? तुझ्या पप्पांनी माझ्याकडून किती चकरा मारून घेतल्या!"

"त्या चकरा पप्पांनी नाही, मी मारायला लावल्या."

आमच्या लग्नात पहिला नाच आम्ही ज्या वॉल्ट्झवर केला होता तो शेवटी वाजवायचा, हे ठरलेलं. तीन ठोक्यांचा साधा नाच. त्यात एका खालच्या सुरावर कपाटातले हँगर किणकिणायचे. लिली हसायची. "बघ, माझे कपडे पण नाचतात."

पुढे रोशेल झाली. स्वतंत्र वन-बेडरूम मिळाला, त्याच भागात. कपाट बरोबर आलं. पगार वाढला तशी माझी सामग्रीही वाढली. आधी छोटा ॲम्प, मग मोठा, मग पायाने दाबायचे पेडल. एकदा मी काडेपेटीएवढी एक डबी आणली. ती बेसला लावायची, तिला हेडफोन लावायचा, की थेट कानात स्टेजसारखा आवाज. शेजाऱ्यांची तक्रार नाही, घरच्यांना त्रास नाही, असं मी लिलीला कौतुकाने सांगितलं. मला पूर्ण बँडचा आवाज यायचा आणि तिला टक-टक. तिने टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

तीन वर्षांपूर्वी माझी कंबर धरली. जुना बेस वजनदार, लग्नात चार तास खांद्यावर ठेवला की दुसऱ्या दिवशी वाकता यायचं नाही. मी महिनाभर व्हिडिओ बघितले आणि बिनडोक्याचा बेस घेतला. म्हणजे वरचं टोकच नाही, खुंट्या खाली बसवलेल्या. वजन जवळजवळ निम्मं. गाडीच्या डिकीत किराण्याच्या पिशव्यांबरोबर मावतो.

लिलीने तो उलटसुलट करून बघितला. "अरे, याचं मुंडकं कुठे गेलं?"

मी हसलो आणि तिला वजनाचं, तोलाचं सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "बरं झालं," म्हणाली, "तुझी कंबर आधी."

जुना बेस मी जाहिरात टाकून विकला. घ्यायला सुजीत नावाचा चिपळूणकडचा मुलगा आला होता. खोर फक्कानच्या बंदरात कंटेनर यार्डला काम करायचा.

या जानेवारीत लिलीचे रिपोर्ट आले. फेब्रुवारीत ती घरी पलंगावर होती. एका दुपारी म्हणाली, "विन्स्टन, कपाटाला लावून वाजव ना."

मी नवा बेस घेतला. मानेचं टोक कपाटाला टेकवलं. तिथे तारा अडकवायचं लोखंड आहे, ते लाकडावर नुसतं करकरलं. उलटा धरून बघितला. मेलेला आवाज.

"ॲम्पवर वाजवू का? हळू?"

"नको. ते कानाला लागतं. मला पाठीला लागणारं हवंय." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तो जुना दोन दिवसांसाठी आणता येईल का रे? तो मुलगा देईल."

"बरं," मी म्हणालो.

खोर फक्कान आमच्या घरापासून गाडीने दीड तास. पहिल्या शनिवारी हॉस्पिटलची तारीख होती. दुसऱ्या शनिवारी मी मोकळा होतो. लिली झोपली होती आणि मी बाहेरच्या खोलीत नव्या बेसच्या तारा बदलत बसलो. चपट्या तारा टाकून बघत होतो, आवाज गोल येतो का ते. दुपार त्यात गेली. तिसऱ्या शनिवारी ती आयसीयूमध्ये होती.

तिने परत विचारलं नाही.

आता माझा व्हिसा संपतोय. मी वसईला परत जातोय. फ्लॅट रिकामा करायचा, सामान देऊन टाकायचं. कपाट दौलतने मागितलं. दौलत आमच्या कंपनीत हेल्पर, साताऱ्याकडचा. अठरा वर्षं इथे आहे, कायम लेबर कॅम्पमध्ये राहिला. आता पहिल्यांदाच बायको येतेय त्याची, ठकुबाई, दोन महिन्यांच्या व्हिजिटवर. शारजाला एक खोली घेतलीय. मी म्हटलं, रविवारी ने.

आणि हो म्हटल्यावर त्या रात्री माझ्या लक्षात आलं की लिलीने जे मागितलं होतं ते करायला आता एकच शनिवार उरलाय. ती नसली तरी. कपाट तर आहे.

रोशेल अबुधाबीहून आली होती. शुक्रवारी मी तिला सांगितलं, "मी उद्या बाहेर जातोय. तेवढ्यात मम्माचं कपाट रिकामं करून टाक. माझ्यासमोर नको."

"शुअर, डॅडा? वुई कॅन डू इट टुगेदर."

"नको. तूच कर. चर्चमध्ये कपडे घेतात, त्यांना देऊन ये."

हे मीच सांगितलं. तिचा काही दोष नाही.

डोंगरातले बोगदे संपले की समोर समुद्र आणि बंदराच्या क्रेन. सुजीत खोलीवर होता. चौघांची खोली. बेस त्याच्या बंकवर उशाशी होता, खाली टॉवेल अंथरलेला. त्याने माझ्या हातातला बिनडोक्याचा बेस बघितला आणि म्हणाला, "अंकल, ह्याचं डोकं खंय गेलं?"

मी बेस खाली ठेवला. त्याला वाटलं मी रागावलो.

"गंमत केली हो. बसा. आंटी बऱ्या आहेत?"

मी सांगितलं. तो उभाच राहिला. त्याच्या खोलीतल्या एकाने फोनवरचं गाणं बंद केलं.

"मला हा परत विकत हवाय," मी म्हणालो. "काय म्हणशील ते देतो."

"अंकल, विकायचं नका सांगू. आमचा ऑर्केस्ट्रा ह्याच्यावर उभा आहे. गणपती, सत्यनारायण, सगळीकडे बोलावतात आता. पण घेऊन जावा. पुढच्या शुक्रवारी प्रोग्राम आहे, तोपर्यंत आणून द्या."

"मग हा माझा ठेव तुझ्याकडे."

"ह्याला डोकंच नाही, टेकवणार कसा? मी रोज ड्युटीवरून आलो की तुमचा दरवाजाला टेकवून वाजवतो. लोखंडी कपाटाला लावून बघितला, पत्र्यासारखा वाजतो. दरवाजा बरा."

"टेकवून वाजवायचं तुला कुणी सांगितलं?"

"आंटीनीच की! बेस न्यायला आलो त्या दिवशी, तुम्ही पार्किंगमधून गाडी काढायला गेलात ना, तेव्हा. मला म्हणाल्या, लाकडाला टेकवून वाजव, ॲम्पचा खर्च करू नको. आणि म्हणाल्या, माझ्या पाठीचं औषध घेऊन चाललास, नीट सांभाळ. मी म्हटलं, मग विकता कशाला? तर हसल्या. म्हणाल्या, आमच्या म्हाताऱ्याची कंबर."

चहा आला होता. मी तो तसाच ठेवून निघालो, ते बरोबर दिसलं नाही. सुजीत बेस घेऊन खाली गाडीपर्यंत आला. मागच्या सीटवर आडवा ठेवून त्याने बेल्टही लावला.

"सावकाश जावा, अंकल. खलास झालं ते झालं, तुम्ही सावकाश जावा."

घरी पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. रोशेलने दार उघडलं. तिचे डोळे सुजले होते. "ऑल डन, डॅडा. आय टुक एव्हरीथिंग टू द चर्च. ओन्ली हर वेडिंग ड्रेस आय केप्ट."

मी बेडरूममध्ये गेलो. कपाटाची दारं बंद होती. पलंगावर माझ्या जुन्या जागी बसलो. तारा जुळवल्या. सुजीतने चपट्या तारा लावल्या होत्या, माझ्यापेक्षा चांगल्या. बेसचं डोकं कपाटाला टेकवलं आणि वॉल्ट्झचा पहिला सूर वाजवला.

कपाट इतक्या मोठ्याने घुमलं की मी हात मागे घेतला.

असा आवाज त्या कपाटातून कधी आला नव्हता. इतकी वर्षं मी विचार करायचो की लाकूड जुनं झालं, बसकं वाजतं. तसं नव्हतं. आत लिलीच्या साड्या होत्या, ड्रेस होते, थंडीतल्या रजया होत्या. ते सगळं आवाज पीत होतं, आणि उरायचा तो मऊ आवाज तिच्या पाठीला लागायचा. तो आवाज तिच्या कपड्यांचा होता. बेस आणायला मी दीड तास गेलो आणि दीड तास आलो, आणि तेवढ्या वेळात दुसरी अर्धी वस्तू स्वतःच्या तोंडाने सांगून घराबाहेर काढली होती.

तरी मी वाजवत राहिलो. रोशेल दारात आली. मी वाजवायचो तेव्हा लहानपणी ती आईच्या मांडीवर बसायची, पण तिला आठवत नसावं. ती कपाटाच्या उजव्या दाराला पाठ लावून खाली बसली.

"वाव. इज धिस व्हॉट मम्मा यूज्ड टू हिअर?"

"नाही," मी म्हणालो. "असं नाही."

खालचा सूर आला. हँगर किणकिणले नाहीत. रोशेलने हँगरही दिले होते, चांगले लाकडी होते म्हणून. मी तो सूर दोनदा वाजवला आणि थांबलो.

"डोन्ट स्टॉप, डॅडा."

पण पुढचं मला वाजवता आलं नाही.

रविवारी दौलत बरोबर अकराला आला, दोन माणसं आणि पिकअप घेऊन. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. कपाटाभोवती फिरला, दारं उघडून बघितली, आतल्या फळीवर हात फिरवला.

"लय भारी आहे, साहेब. ठकू म्हणत होती, तिकडं कपडे ठेवायला काय आहे? मी म्हटलं, यल्ला, चल, तू ये तर खरं, बघशील."

"तिचे कपडे आले की लगेच आत लाव. रिकामं ठेवू नकोस."

"रिकामं कशाला ठेवीन?" तो हसला. मग उजव्या दारापाशी वाकला. जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर लाकूड गडद झालं होतं, तळहाताएवढं. लिली डोकं टेकायची ती जागा. खोबरेल तेलाचा डाग. इतकी वर्षं त्या घरात राहून मी तो पाहिला नव्हता.

दौलतने त्यावर अंगठा घासून बघितला. "तेलाचं दिसतंय. काय नाय, साहेब. पॉलिश मारली की जाईल."

"पॉलिश नको मारूस," मी म्हणालो.

"का?"

"लाकडाचा आवाज बदलतो."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग कपाटाकडे. "कपाटाला कसला आवाज, साहेब?"

बेस मी तोवर कव्हरमध्ये घालून चेन लावली होती. तो दाराशेजारी भिंतीला उभा होता, सुजीतला परत द्यायला. खाली पिकअपवाला हॉर्न वाजवत होता, पार्किंग नव्हतं.

"काही नाही," मी म्हणालो. "बरं. मार पॉलिश."