फुलाचे पाच ठिपके

ते साल एकोणीसशे अडुसष्ट. पक्कं सांगता येतं, कारण त्या एकाच वर्षात स्टुडिओची पाटी दोनदा रंगवली गेली. पहिल्यांदा रंग उडाला होता म्हणून. दुसऱ्यांदा का, तीच ही गोष्ट.

स्टुडिओ मामांचा. पुढे आरसा, कंगवा आणि पावडरचा डबा ठेवलेली खोली, मध्ये पडद्यांची आणि दिव्यांची, मागे फोटो धुण्याची काळोखी खोली. या सगळ्यांना जोडणाऱ्या बोळकांडीत खिडकीपाशी भाचीचं टेबल. वडील गेल्यावर सोळाव्या वर्षी ती इथे आली आणि सव्विशी आली तरी त्याच टेबलाशी होती. काम एकच. निगेटिव्हवर भिंग धरायचं आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने लोकांचे चेहरे साफ करायचे. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर काचेसारखा आरपार दिसतो. त्यात पेन्सिल भरली की छापलेल्या फोटोतून तो नाहीसा होतो. तीळ, वण, डोळ्यांखालच्या रेघा, सगळं तिच्या हातून गेलेलं. प्रत्येक वस्तू ती चिमट्याने उचलायची, म्हणून मामींनी तिचं नाव चिमटी पाडलं. गावातली निम्मी लग्नं आमच्या चिमटीच्या पेन्सिलीने जमवलीत, असं मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

काळोख्या खोलीतलं धुण्याचं पाणी मागच्या अंगणात भिंतीकडेला जायचं. तिथे गवत माजलं होतं. एक दिवस तिच्या ओल्या चपलेला चिकटून एक फूल टेबलापर्यंत आलं, मोहरीच्या दाण्याहून थोडं मोठं. चिमट्याने उचलून फेकणार, तोच हात सवयीने भिंगाखाली गेला. फिकट निळ्या पाच पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीच्या बुडाशी एकेक गडद ठिपका, जणू कुणी शाईचा टाक टेकवून अलगद उचलला होता. इतकी वर्षं ठिपके पुसणाऱ्या बाईला पहिल्यांदाच एक ठिपका पुसावासा वाटला नाही.

तेव्हा रोलमध्ये बारा फोटो असायचे. गिऱ्हाइकाला घाई असली की मामा उरलेले एक-दोन फोटो पडद्यावरच उडवून रोल धुवायला घेत. त्या उरलेल्या फोटोंना ते शेपूट म्हणत. चिमटीने ही शेपटं मागून घेतली. कॅमेरा दोन डोळ्यांचा. वरच्या डोळ्याने बघायचं, खालच्याने फोटो निघायचा. इतक्या जवळून वरच्याला फूल दिसे आणि खालचा नुसते देठ टिपे. पहिले सात फोटो देठांचेच आले. मग तिने दोन डोळ्यांमधलं अंतर मोजलं आणि साबणाची नवी वडी घासून घासून बरोबर तेवढ्या उंचीची केली. कॅमेरा विटेवर ठेवायचा, वरच्या डोळ्यापुढे भिंग धरून फूल नेमकं स्पष्ट करायचं, मग कॅमेऱ्याखाली वडी सारायची, भिंग खालच्या डोळ्यापुढे आणायचं आणि वारा पडेपर्यंत श्वास धरून पालथं पडून राहायचं.

"गवताचे पासपोर्ट काढतेस का गं?" मामा दारातून विचारत.

"गवतावर हलू नको म्हणून ओरडावं लागत नाही, मामा."

पण एकदा ते गंभीरपणे म्हणाले होते, "ज्या दिवशी कुणी दारात येऊन तुझा फोटो मागेल, त्या दिवशी हा कॅमेरा तुझ्या गळ्यात." ते म्हणून वर्ष झालं होतं. आता मामांचे गुडघे बोलू लागले होते आणि त्यांनी दुसऱ्या शहरातला एक फोटोग्राफर ठरवला होता. पुढच्या सोमवारी तो यायचा होता. कॅमेरा एकदा त्याच्याकडे गेला की चिमटीचं टेबल जन्मभर तेच, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

त्याच आठवड्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकबाई ओळखपत्राच्या फोटोसाठी आल्या. दोरीवर चेहऱ्यांच्या रांगेत निळ्या फुलाचा एक छोटा फोटो वाळत होता. त्या चष्मा वर करून त्याच्याकडे बघतच राहिल्या. रस्त्याकडेच्या झाडांवर त्यांचं पुस्तक तयार होत होतं आणि चित्रकाराने काढलेली चित्रं खऱ्या फुलांशी जुळत नव्हती. हा फोटो गुरुवारपर्यंत मोठा करून दाखवा, त्या म्हणाल्या. मनासारखा निघाला तर अशा चाळीस फुलांचं काम तुमचं. चिमटीने मामांकडे पाहिलं. मामा पावडरचा डबा पुसत होते.

नेमका तेव्हाच दुसऱ्या गावी राहणारी आई आजारी असल्याचा निरोप आला आणि चिमटी दोन दिवस तिच्याकडे गेली. गुरुवारी परतली तेव्हा फोटो छापून, कागदात बांधून तयार होता आणि बाई खुर्चीत बसल्या होत्या.

बाईंनी कागद सोडला. चष्मा वर करून फोटो डोळ्यांजवळ नेला.

"फोटो देखणा आहे," त्या म्हणाल्या. "पण याचे ठिपके कुठे गेले? ठिपक्यांवरूनच तर हे फूल ओळखतात. ही तर नटवलेली नवरी आहे."

चिमटीने निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरली. पाची ठिपक्यांच्या जागी पेन्सिलीचे बारीक, डावीकडे वळलेले फटकारे होते. ते वळण तिला झोपेतही ओळखता आलं असतं. त्याच हाताने तिला पेन्सिल धरायला शिकवलं होतं. मामांनी दोन दिवस गुडघे दुमडून, भाचीच्या फुलाचा चेहरा साफ केला होता. आयुष्यात कुणाच्या फोटोवर एवढी मेहनत त्यांनी घेतली नसेल.

"चूक आमच्या दुकानाची आहे," ती म्हणाली. मामांकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

मामा उठले. "दुकानाची कशाला? माझ्या हाताची आहे. डोळा तिचा होता, बाई. मी मध्ये आलो."

त्यांनी टर्पेंटाइनची बाटली काढली, कापूस बुडवला आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं काम पुसलं. बाईंना काळोख्या खोलीत नेऊन बसायला स्टूल दिलं. लाल दिव्याखाली चिमटीने नव्याने छापलेला कागद रसायनाच्या पाण्यात सोडला. आधी पाकळ्यांच्या कडा आल्या, मग शिरा, आणि मग एकेक करून ठिपके. बाई मोठ्याने मोजत होत्या. पाचव्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "वीस वर्षं हे फूल शिकवतेय. आज पाहिलं."

उजेडात आल्यावर मामांनी कॅमेऱ्याचा पट्टा आपल्या गळ्यातून काढला. "मान खाली कर, चिमटे," म्हणाले. तिची वेणी पट्ट्यात अडकली, ती त्यांनीच सोडवली.

पुस्तक तीन वर्षांनी निघालं. चाळीसच्या चाळीस फुलं त्यात होती आणि प्रत्येकाखाली चिमटीचं पूर्ण नाव. प्राध्यापकबाई निवृत्त झाल्या तरी दर महिन्याला पिशवीत कसलं ना कसलं गवत घेऊन येत. ठरल्या सोमवारी आलेल्या फोटोग्राफरला मामांनी दिव्यांवर ठेवलं. पुढे त्याने तीन गल्ल्या सोडून स्वतःचा स्टुडिओ काढला आणि बारीक काम आलं की गिऱ्हाईक मुकाट्याने चिमटीकडे धाडू लागला. ती साबणाची वडी मामींनी एका दिवाळीच्या घाईत रुमाल धुवायला वापरून संपवली, आणि त्यानंतर मरेपर्यंत त्या गोष्टीवरून हसत राहिल्या.

मामा आणखी नऊ वर्षं जगले. दर्शनी काचेतला नटलेल्या नवरीचा फोटो काढून त्यांनी तिथे निळं फूल लावलं आणि कुणी विचारलं की आधी ठिपके मोजायला लावत. त्यांचा शेवटचा फोटो चिमटीनेच काढला. एक सुरकुती जरी पुसलीस तर बघ, असा दम त्यांनी भरला होता. तिने पेन्सिल हातातही घेतली नाही. गालावरचा डागन् डाग जिथल्या तिथे असलेला तो फोटो अजून तिच्या टेबलासमोर आहे, आणि सत्तरी उलटलेली चिमटी अजून गुडघे टेकून भिंतीकडेच्या गवतात शिरते.

आणि पाटी. तो पट्टा गळ्यात पडला त्याच महिन्यात रंगाऱ्याला परत बोलावलं. मामांच्या नावाखाली त्याने भाचीचं नाव लिहायला घेतलं, ते जरा लहान अक्षरात. मामांनी खालून शिडी धरून ठेवली आणि अक्षरं सारखी होईपर्यंत त्याला उतरू दिलं नाही.