टाचण्या तोंडात असताना

कामात असली की तिच्या ओठांत टाचण्या असत. एक हात कापडावर, दुसरा मापाच्या टेपवर, मग टाचण्या धरायला तिसरा हात आणायचा कुठून? अशा वेळी तिला कुणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच यायचं, "हं." उंच आणि किरकोळ म्हणून शाळेतल्या मुलींनी तिला टाचणी म्हणायला सुरुवात केली होती. पुढे धंदाही त्या नावाला शोभेल असाच निघाला.

शाळेत तिच्या शेजारी बसायची ती गुंडी. बुटकी, गोल, आणि एकदा बोलू लागली की गडगडत लांबवर जाणारी. गुंडी आता बालवाडीत शिकवत होती. बालवाडी सुटली की ती टाचणीच्या दुकानात यायची, चहा करायची, खिडकीखालच्या स्टुलावर बसून मुलांच्या गमती सांगायची. मशीनच्या आवाजात मिसळलेलं ते बोलणं टाचणीच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की गुंडी आजारी पडली की इकडे शिवण वाकडी जाई.

आणि तरी गेले काही महिने दुकानातल्या वस्तू नाहीशा होत होत्या. टिचबटणं, एखादी चेन, मखमली फितीचा तुकडा. सगळं बारीकसारीकच. पडलं असेल कुठेतरी, केर काढताना सापडेल, असं टाचणी म्हणायची. केर रोज निघत होता, सापडत मात्र काही नव्हतं.

काजं-बटणं करायला तिची नणंद दुकानात येई. तिच्या नजरेतून सुईचं नेढंही सुटत नसे.

"वहिनी, वस्तूंना पाय फुटत नाहीत," ती म्हणाली. "आणि फुटलेच, तर ते दुपारच्या चहानंतरच कसे फुटतात?"

"गप गं."

"मी गप्पच आहे. मैत्रीण तुमची, दुकान तुमचं. कुंपणानंच शेत खाल्लं तर मी बापडी काय करणार?"

टाचणीने टाचण्या ओठांत घेतल्या, म्हणजे उत्तर द्यायला नको.

मग तो कोट आला. एका गृहस्थांनी आपल्या वडिलांचा लोकरी कोट मुलीच्या मापाचा करायला दिला होता. मुलगी पहिल्या नोकरीसाठी परगावी निघाली होती आणि आजोबांचा कोट घालूनच जाणार म्हणून हटून बसली होती. "बाकी काहीही बदला, बटणं तेवढी तीच ठेवा," असं गृहस्थांनी बजावलं होतं. बटणं होतीच तशी. शिंगाची, मोठी, गडद तपकिरी, आणि प्रत्येकात मधाच्या रंगाची एक रेघ. अशी आता बाजारात मिळत नाहीत. टाचणीने ती उसवून वाटीत ठेवली. कोट संध्याकाळी द्यायचा होता. सकाळी बटणं लावायला घेतली, तर एक कमी.

टेबल हलवलं, कापडं झटकली, मशीनखाली पालथं पडून पाहिलं. नणंदेने सुई खाली ठेवली.

"आता तरी डोळे उघडा, वहिनी. आज ती आली की चहाच्या निमित्तानं तिची पिशवी बघू. नाहीतर वाटीत खुणेचं एक बटण ठेवू आणि आपण आतल्या खोलीत जाऊन उभ्या राहू."

"आणि सापडली तर?"

"तर चोर सापडला!"

"चोर सापडेल गं. पण मैत्रीण हरवेल, ती कुठल्या केरात शोधू?"

नणंदेने वाटीवर झाकण ठेवलं, ते मुद्दाम आवाज करून.

टाचणी बसून राहिली. विचारावं, तर इतक्या वर्षांची मैत्री एका प्रश्नात उसवेल. न विचारावं, तर कोट अपुरा जाईल, आणि यापुढे गुंडी आली की आपली नजर तिच्या चेहऱ्याआधी तिच्या हाताकडे जाईल. हे दुसरं तिला जास्त वाईट वाटलं.

मग तिला गुंडीनेच सांगितलेली एक गोष्ट आठवली. बालवाडीत कुणाची तरी शिट्टी गेली होती. गुंडीने सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणाली, "शिट्टी कुठे असेल बरं? चला, शोधू." थोड्या वेळाने शिट्टी सतरंजीखाली सापडली. 'घेतली कोणी' हे तू का नाही विचारलंस, असं टाचणीने तेव्हा विचारलं होतं. गुंडी म्हणाली होती, "मला शिट्टी हवी होती. चोर घेऊन मी काय करू? चार वर्षांचा चोर! त्याला घरी जाताना नाक पुसून द्यावं लागतं."

टाचणी उठली, पर्स घेतली आणि बालवाडीत गेली.

मुलांची खायची वेळ होत आली होती. दारातून पाहते तर भिंतीला एक फळी टेकवून ठेवलेली. फळीवर मुलांना बटणं लावायचा सराव व्हावा म्हणून कापडाचे पदर ठोकलेले, आणि त्या पदरांवर तिची चेन, तिची टिचबटणं, तिच्याच मखमली फितीचा बो. मध्यभागी मधाच्या रेघेचं बटण. दोन वेण्यांची एक मुलगी जीभ बाहेर काढून ते काजात घालायचा प्रयत्न करत होती.

गुंडी हसत पुढे आली. "अगं, तू इकडे? आज सूर्य कुठे उगवला?"

टाचणीने घसा साफ केला. "गुंडे, माझं एक बटण होतं. शिंगाचं. ते कुठे असेल बरं?"

गुंडीचे डोळे बारीक झाले. "हा माझा प्रश्न आहे! माझंच औषध मला?"

"असू दे. उत्तर दे."

"ते काय, समोर आहे. तूच तर दिलंस."

"मी? कधी?"

"परवा. वाटी दाखवून मी विचारलं, यातलं एक नेऊ का? तू म्हणालीस, हं."

"माझ्या तोंडात टाचण्या होत्या!"

"असणारच. नसताना तू कधी काही दिलं आहेस का? पूर्वी चिंध्या मागितल्या तर म्हणालीस, उशीत भरायला लागतात."

टाचणीला रागही आला आणि हसूही. राग आधी बाहेर पडला. "म्हणजे तुला ठाऊक होतं, की मी ऐकत नाही."

गुंडीने पदराशी चाळा केला. पोरांना रागावताना तिचा आवाज जितका मोठा होई, तितकाच तो आता लहान झाला. "अर्धं ठाऊक होतं."

"मग अर्धी चोरी झाली."

"झाली. पण बटण इतकं मोलाचं असेल, हे खरंच ठाऊक नव्हतं. शपथ. घेऊन जा. आणि अर्धी शिक्षा कर."

टाचणीने कात्री काढली आणि थांबली. मुलीने बटणाची कड काजात घातली होती. कड निसटली. पुन्हा घातली. दोघी मैत्रिणी श्वास रोखून पाहत राहिल्या. कुणी मदत केली नाही. शेवटी बटण पलीकडे गेलं, आणि मुलगी अशी ओरडली, की सगळा वर्ग डबे टाकून पाहायला धावला.

टाचणीने आपल्या कामाच्या डगल्याचं मोठं लाल बटण काढलं. शिंगाच्या बटणाला हात लावणार, तोच मुलगी बिस्किटाने गाल फुगवून येऊन उभी राहिली. तिने टाचणीकडे असं पाहिलं, जसं सकाळपासून टाचणी मनातल्या मनात गुंडीकडे पाहत होती.

"बाळ, हे बटण मी नेऊ का?"

"हं," मुलगी म्हणाली.

टाचणीने कात्री उचलली. गुंडीने तिचा हात धरला. "घास गिळू दे आधी. मग विचार."

घास गिळून झाला. टाचणीने पुन्हा विचारलं.

"नाही," मुलगी म्हणाली.

गुंडी खुर्चीत बसून इतकी हसली, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. टाचणीला गुडघे टेकून सगळी हकिगत सांगावी लागली: आजोबांचा कोट, परगावी जाणारी ताई, तिला वाटेत लागणारी थंडी. मुलीने दोन्ही बटणं शेजारी धरून पाहिली. लाल थोडं मोठं होतं.

"ताईला द्या," ती म्हणाली. "पण लाल मी आधी लावणार."

कोट वेळेवर गेला. दुपारी गुंडी दुकानात आली, ती जरा दबकतच. नणंदेने बटणांची वाटी स्वतःकडे ओढली, मग वहिनीचा चेहरा पाहून झाकण काढून बाजूला ठेवलं आणि पुन्हा काजाला लागली. टाचणीने चिंध्यांचं एक गाठोडं बांधून ठेवलं होतं. ते तिने पायानेच गुंडीकडे सरकवलं.

"हे मला?" गुंडी म्हणाली. "थांब, आधी टाचण्या काढ. मग बोल."

टाचणीने एकेक टाचणी काढून उशीत खोचली. "तुला. पण यापुढे हं म्हणजे नाही."

"बरं." गुंडी स्टुलावरून उठली. "चहा टाकू?"

टाचणीने पुन्हा टाचण्या ओठांत घेतल्या होत्या. "हं," ती म्हणाली.

गुंडी गोंधळून उभी राहिली. टाचणीने कपाळाला हात लावला, आणि नणंदच खाली मान घालून म्हणाली, "टाका हो, टाका. मलाही अर्धा."