सही त्यांची, हात आमचा

मी एक शाईचा पेन बोलतोय. अंगाने काळा, टोपणावर पितळी पट्टी, आणि निबची डावी बाजू झिजलेली. हसू नका, पण एके काळी मी फार मोठा गायक होतो. निदान कागदावर तरी!

कारखान्यातून निघालो तो थेट स्टेशनरीच्या दुकानात, काचेच्या कपाटात. तिथून मला एका गायकाच्या कचेरीत आणलं. तेव्हा रेडिओ लावला की त्यांचाच आवाज यायचा. कचेरीत पत्रांची पोती येत. प्रत्येकाला सही केलेला फोटो हवा असे. गायकांना गाण्यातून सवड नव्हती. मग व्यवस्थापक बाईंनी मला टपाल बघणाऱ्या कारकुनाच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आजपासून सह्या तुम्ही करायच्या. कुठे बोलायचं नाही."

तो कारकून म्हणजे माझा मालक. आम्ही तीन दिवस जुन्या वर्तमानपत्रांवर सराव केला. पहिल्या अक्षराला मोठा फुगा, शेवटी लांब शेपूट. गायकांची खरी सही म्हणजे घाईत ओढलेल्या दोन रेघा. आमची पाहून ते पोट धरून हसले. "अरे, माझ्यापेक्षा माझी सही तुलाच छान जमते!"

पण मालकाला एक खोड होती. तो पत्रं वाचायचा. एकूण एक! आणि सहीच्या वर स्वतःच्या मनाने दोन ओळी लिहायचा. बाई वैतागत. "सही करा आणि पाकीट बंद करा. वाचत बसलात तर इथेच म्हातारे व्हाल." तो मान डोलवायचा आणि पुढचं पत्र उघडायचा. काय सुखाचे दिवस होते ते! बोटांना शाई, टेबलावर डिंकाचा वास, आणि कुणाकुणाची सुखदुःखं आमच्या पुढ्यात.

पुढे गायक वारले, कचेरी बंद झाली. मालकाने घड्याळजीच्या दुकानावरची खोली घेतली आणि नामवंतांच्या सह्या तपासून देण्याचं काम सुरू केलं. मी खणात गेलो. खण नीट बंद होत नाही, म्हणून फटीतून सगळं दिसायचं. सह्या आता ऑनलाइन विकल्या जातात. मालक भिंगाखाली छापील सही ओळखायचा, गिरवलेली ओळखायचा. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

फक्त आमच्या गायकांची सही आली की म्हणायचा, "यांचं काम मी घेत नाही." लोकांना वाटे, केवढा तत्त्वाचा माणूस! खरी गोष्ट मला ठाऊक होती. विक्रीच्या साइटवाल्यांनी नमुने म्हणून जे फोटो जमवले होते, ते सगळे आम्हीच टपालाने पाठवलेले. त्यामुळे आमची सही खरी ठरायची आणि गायकांच्या त्या दोन रेघा खोट्या म्हणून परत जायच्या. मालकाला हे कळत होतं, आणि तो गप्प बसायचा. बोलला असता तर इतक्या वर्षांचं नाव धुळीला मिळालं असतं.

मग एक दिवस एक बाई धापा टाकत जिना चढून आल्या. निवृत्त परिचारिका होत्या. मालक काही बोलायच्या आत त्यांनी फोटो टेबलावर ठेवला.

"मुलीकडे राहायला चाललेय. तिच्या घरात खिडक्याच फार, फोटो टांगायला भिंत नाही. म्हणून विकतेय. साइटवाल्यांनी पास केलाय. घेणारा म्हणतो, तुमचीही एक ओळ हवी."

सहीच्या वर लिहिलं होतं, "पायाचं प्लास्टर निघालं की आधी जिना उतर, मग नाच. शब्द विसरलो तर मी काय करतो विचारलंस? नुसता गुणगुणतो. कुणाला कळत नाही."

मालकाने भिंग उचललं. त्याची काही गरज नव्हती. एक ओळ लिहून दिली असती तर बाई हसत घरी गेल्या असत्या. माझा तर जीव टांगणीला लागला.

"सही खोटी आहे," मालक म्हणाला.

"अहो, तंतोतंत जुळते म्हणाले ते!"

"जुळणारच. त्यांच्याकडचे नमुनेही माझ्याच हातचे आहेत."

बाईंनी फोटो परत हातात घेतला. "म्हणजे माझं पत्र त्यांनी वाचलंच नाही?"

"नाही."

"सगळ्या शाळेला दाखवला होता हो मी हा फोटो. लग्न झाल्यावर सासूबाईंनासुद्धा." मग म्हणाल्या, "आणि ते गुणगुणायचं?"

"मी शाळेत एकदा कविता विसरलो होतो. तेव्हा तसं केलं होतं." मालकाने भिंग बाजूला ठेवलं. "तुमच्या शेजारी एक आजोबा होते. तुम्ही रेडिओ मोठा केला की ते काठीने भिंत ठोकायचे. तुम्हाला वाटायचं, ठेका धरतायत."

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "अगंबाई! हे तर मीही विसरले होते."

त्यांनी फोटो पुढे सरकवला. "खाली तुमचं नाव घाला. आता नाही विकायचा."

कित्येक वर्षांनी माझ्यात शाई भरली गेली. हजारो सह्या न थांबता केल्या होत्या मी, पण मालकाचं स्वतःचं नाव लिहिताना पहिल्याच अक्षरावर अडखळलो.

दुसऱ्या दिवशी मालकाने सगळ्या साइटवाल्यांना खरं काय ते कळवलं. लोकांनी शिव्या घातल्या. त्या घातल्या तेवढ्या थोड्याच होत्या. आता जिना चढून फारसं कुणी येत नाही. मी टेबलावरच असतो, किराण्याची यादी लिहितो. शाई गळते, पण अजून उमटतो.

तुमच्या घरी असा एखादा फोटो असेल तर खुशाल तपासून घ्या. सही आमची निघाली तर रागवा, तो तुमचा हक्क आहे. पण वर दोन ओळी असतील तर फोटो फाडू नका. तुमचं पत्र आम्ही वाचलं होतं.