आंबट पाण्यातला तवा

आमच्या डोंगराच्या पोटात तांबं आहे. खाणीतून झिरपणारं पाणी इतकं आंबट, की त्यात बेडूकही जगत नाही. पण त्याच पाण्यावर अख्खं अम्लुख गाव जगतं. पाणी कुंडांत अडवायचं आणि त्यात भंगार लोखंड टाकायचं. पाणी लोखंड खातं, त्या जागी तांबं सोडतं. तो तांब्याचा गाळ खरवडायला मी जाते.

त्यामुळे मोडकं लोखंड घरात ठेवायची इथं रीत नाही. माझा नवरा तिडर त्यात फारच तत्पर! सासूबाई आल्या की काढायचा तवा मी पोत्यात गुंडाळून दारामागे ठेवला होता. शनिवारी शोधते, तर गायब.

"ते पोतं? तीन महिन्यांपूर्वीच भंगाराच्या गाडीत टाकलं," तिडर म्हणाला.

"अरे देवा! तुझ्या आजीचा तवा होता त्यात! उद्या आई येणारेत. तुझ्या डोक्यावर भाकरी भाजू?"

तवा देताना सासूबाईंनी बजावलं होतं, "सासूचा आहे माझ्या. जपलास तर सून म्हणेन." त्या बोलतात ते खरं करतात, म्हणून मला धडकी भरली.

कुंड दाताळ्यानं ढवळून तवा काढला. लालभडक झालेला, आणि भोकाभोकांचा. मी तिथंच रडले.

शेजारची बेटसान म्हणाली, "माझा ने. हुबेहूब तसाच आहे. म्हातारीला काय कळतंय?"

रविवारी प्रार्थना आटोपून सासूबाई आल्या. चुलीवर बेटसानचा तवा बघून खूश झाल्या. "बाई गं, किती जपलास!"

मला राहवेना. "आई, हा बेटसानचा. तुमचा कुंडात गेला." आणि ते भोकाचं तांबं पुढ्यात ठेवलं.

त्यांनी ते उजेडाकडे धरलं. भोकातून तिडरकडे रोखून पाहिलं. "बराच उरलाय की. माझ्या वेळी कानसुद्धा हाती लागला नव्हता."

"तुमच्या वेळी?"

"सासूचा तवा मीही असाच घालवला. तुला दिला तो जत्रेतला! म्हातारी मरेपर्यंत म्हणायची, माझ्या तव्याची चवच न्यारी!"

आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता सासूबाईंनी डोळे पुसले.

"तीस वर्षं तिच्या देखत भाकरी टाकताना चोरासारखं वाटायचं मला. एकदा सांगून टाकलं असतं तुझ्यासारखं, तर ती माझी झाली असती गं."