उकंडरावांनी पंपाला हात लावला नव्हता

वाशिमच्या एका कॉलेजात धनराज भौतिकशास्त्र शिकवायचा आणि पीएचडीसाठी गढूळ पाण्याचा अभ्यास करायचा. काचेच्या उंच टाकीत पंपाने पाणी घुसळायचं, वरून जड वाळू सोडायची आणि कॅमेऱ्याने पाण्याचा वेग मोजायचा. वाळू भोवऱ्यांची ताकद खाते, पाणी संथ होतं, हे त्याला सिद्ध करायचं होतं. आठवडाभर तसंच घडलं. मग एक दिवस त्याने पंप अगदी मंद ठेवला, तर वाळू पडताच पाणी उलट खवळलं.

धनराज प्रयोगशाळेतले मदतनीस उकंडराव यांच्यावर तडकला. "पंप वाढवला तुमी!"

"नाही सर. म्या हातई नाही लावला."

"मंग पाणी काय आपोआप घुसळलं?"

उकंडराव आसेगावचे, बावीस वर्षं त्या टाक्या-नळ्यांत काढलेले. प्राचार्यांसमोर, शिक्षकांच्या बैठकीतही ते तेवढंच बोलले. पण शब्द सरांचा चालला. उकंडरावांना कॉलेजच्या फाटकावर राखणीला बसवलं आणि धनराजने त्या दिवसाचे आकडे खोडून टाकले.

दिवाळीनंतर तो घरचं सोयाबीन घेऊन रिसोडच्या मार्केटात गेला. वारा अजिबात नव्हता. हमालाने ट्रॉलीचा फाळका पाडला, दाणे धो धो खाली आले आणि त्यांच्याबरोबर हवेचा असा लोट आला, की खालचं फोलपट धनराजच्या अंगावर उडालं. तो थबकला. जोरदार भोवऱ्यात दाणा ताकद घेतो. पण हवा निवांत असली तर पडता दाणाच तिला ढकलतो, आपली ताकद देतो. वाळूनेही तेच केलं होतं. म्हणजे उकंडराव खरं बोलले होते.

दुसऱ्या दिवशी पंपाची वायरच काढून त्याने वाळू सोडली. पाणी खवळलं.

मग तो फाटकाकडे गेला. त्याला पाहून उकंडराव सवयीने उठून उभे राहिले, तेव्हा त्याला वर बघवेना.

"उकंडराव, चूक माही होती. पंप मंदच होता."

"मले मालूम होतं, सर."

"मले माफ करा."

उकंडराव म्हणाले, "घरी पोरीनं इचारलं, बाबा, तुमी लबाड बोलले का? इथं कोपऱ्यात नका सांगू. जिथं मले खोटं ठरवलं, तिथं सांगा."

शिक्षकांच्या बैठकीत धनराजने सगळं सांगितलं, खोडलेल्या आकड्यांसकट. कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. त्यामुळेच धनराजची मान आणखी खाली गेली. प्राचार्यांनी दाराशी उभ्या उकंडरावांना प्रयोगशाळेत परत यायला सांगितलं.

"सोमवारपासून येतो," ते म्हणाले, आणि धनराजकडे न बघता निघून गेले.