काकांची मागची खोली

बाळंतपणाची रजा संपवून कामावर गेले त्या सकाळी माझी खुर्ची जागेवर होती, कप जागेवर होता. फक्त माझी गिऱ्हाइकं जागेवर नव्हती.

आमची कंपनी बेकऱ्यांना ओव्हन विकते. पूर्वी आम्ही विकणारे आपापली गिऱ्हाइकं डोक्यात सांभाळायचो. मग साहेबांनी सॉफ्टवेअर आणलं. कोणाला कधी फोन केला, तो काय म्हणाला, गाडं कुठे अडलंय, सगळं त्यात लिहायचं. गिऱ्हाइकाच्या नावासमोर त्याला सांभाळणाऱ्याचं नाव. आणि काही आठवडे त्या गिऱ्हाइकाबद्दल एकही ओळ लिहिली गेली नाही, तर सॉफ्टवेअर आपणहून ते उचलून दुसऱ्याच्या पदरात टाकतं. साहेब याला शिस्त म्हणतात. मी दवाखान्यात टाके सोसत पडले होते तेव्हा मी ओळी लिहायला हव्या होत्या म्हणे.

“रजेवर जाताना सिस्टिममध्ये रजेची खूण करायची असते ना?” साहेब म्हणाले.

“ती तुम्ही करायची असते, साहेब. आम्हाला ते बटण दिसतसुद्धा नाही.”

“हां, मग राहून गेलं असेल. पण त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? गिऱ्हाईक शेवटी कंपनीचंच. तू आता आई झालीयेस, जरा दमानं घे.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी सासूबाईंच्या खांद्यावर पिल्लाला सोपवून निघताना त्याने माझी ओढणी मुठीत धरून ठेवली होती. एकेक बोट सोडवून आले होते मी. ते काय दमानं घ्यायला?

माझी बहुतेक गिऱ्हाइकं तुफानच्या पदरात पडली होती. तुफान म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा विक्रेता. फळ्यावर त्याचाच आकडा कायम वर, म्हणून साहेबांनीच ठेवलेलं नाव. खुर्ची गर्रकन फिरवून तो माझ्याकडे वळला.

“ताई, आलात! बाळ कसंय? आणि काय हो, नोट्स काय लिहिता तुम्ही! कादंबरी आहे कादंबरी. बेकरीवाल्या मावशींची ऑर्डर तुमच्या नोट्सवरच काढली मी. मोठं ओव्हन! ट्रॉलीवालं!”

“मोठं? मावशींना मोठं कशाला?”

“कशाला म्हणजे? धंदा वाढवायला.”

“आणि बसवणार कुठे?”

“मागच्या खोलीत. उद्या सकाळी भिंत पाडायला माणसं येतायत.”

मागच्या खोलीत काका असतात.

काका म्हणजे मावशींचे यजमान. बेकरी त्यांनीच उभी केली. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, तेव्हा मावशींनी त्यांचा पलंग वरच्या मजल्यावर न नेता दुकानामागच्या खोलीत टाकला. मधलं दार उघडं. काकांचे हातपाय गेले, पण नाक शाबूत. ट्रे किती भाजलाय ते त्यांना पडल्यापडल्या वासावरून कळतं, आणि ते तिथूनच ओरडतात, “काढा!” मावशी घड्याळाकडे बघतही नाहीत. मी पहिल्यांदा गेले होते तेव्हा मला हसू आलं होतं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा लक्षात आलं, की त्या एका हाकेवर तो माणूस जगतोय.

तेच मी लिहून ठेवलं होतं. कॉम्प्युटर उघडून मावशींचं पान काढलं, तर माझ्या ओळी जशाच्या तशा होत्या. “मागची खोली जाणार नाही, तिथे काका असतात. वासावरून सांगतात. छोटं, दोन ट्रेचं ओव्हनच द्यायचं, पुढच्या जागेत बसेल असं. दुपारी फोन नको, काकांना भरवायची वेळ. मुलगी लांब असते, तिला आईच्या पाठदुखीची फार काळजी.”

माझ्यानंतर कोणी घाई करून मावशींना त्रास देऊ नये, म्हणून लिहिलं होतं.

त्याखाली तुफानच्या ओळी होत्या. “आजारी नवऱ्याचा विषय काढला की बाई मऊ पडते. दुपारी फोन करावा, तेव्हा दमलेली असते, वाद घालत नाही. मुलीला पाठदुखीवरून पकडलं. ती बापाला आपल्याकडे न्यायला तयार. खोली मोकळी होते.”

तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा वाचलं. कुर्ता ओला झालेला कळला, दूध आलं होतं. ओढणी छातीवर ओढून घेतली आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

“हे काय लिहिलंयस?”

“काय म्हणजे? तुम्ही लिहिलंत, मी वाचलं. वाचायलाच लिहितात ना?”

“दुपारी फोन करू नको असं लिहिलंय मी!”

“हो, आणि का ते पण लिहिलंयत. तेच तर कामाला आलं.” तो खरंच कौतुकाने बोलत होता. त्याच्या चेहऱ्यावर कपट असतं तर मला बरं वाटलं असतं.

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. त्यांना वाटलं श्रेयावरून जुंपलीय. म्हणाले, “अगं, श्रेय तुलाही आहे. मी तर सगळ्यांना सांगणार आहे, हिच्यासारखं लिहा. घरात काय चाललंय, दुखणं-खुपणं, पोराबाळांचं, सगळं. असा माल हाताशी असला की विकायला कितीसा वेळ लागतो?”

“माल?” मी म्हटलं. “साहेब, तो माणूस आहे. पलंगावर पडलेला जिवंत माणूस.”

“शब्दात पकडू नकोस.”

मी शब्दात पकडत नव्हते. फोन उचलला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, मावशींना लावला.

“अगं बाई, तू!” मावशींचा आवाज फुलला. “सुटलीस का नीट? मुलगा की मुलगी? दूध येतंय ना पुरेसं? आणि इतक्यात कामावर कशी ग तू?”

मला एकदम रडूच फुटेल असं वाटलं. “मुलगा, मावशी. सगळं छान आहे. मावशी, मोठं ओव्हन तुम्ही का घेताय?”

“का म्हणजे? तूच पाठवलंस ना त्या मुलाला? आल्याआल्या म्हणाला, काका अजून वासावरून सांगतात का? आता हे बाहेरच्याला कुठून कळणार? मला वाटलं तुझा माणूस. घरात घेतला, चहा दिला. म्हणाला, ताईंनाही वाटतं काकांना असं धगीत ठेवू नये. लेकीकडे शांत राहतील. नव्या मशीनची घंटाच वाजते, हाक मारायला कोणी लागत नाही.”

“मी असं कधीच म्हटलेलं नाही.”

“मग त्याला कळलं कसं?”

“मी इथे कॉम्प्युटरवर लिहून ठेवलं होतं. तुमच्याबद्दल.”

“काय लिहिलंस? वाच.”

मी वाचलं. माझं वाचलं, मग त्याचं वाचलं, ‘बाई मऊ पडते’सकट. तुफान खाली मान घालून पेनची उघडझाप करत होता. साहेब हाताने ‘ठेव, ठेव’ अशी खूण करत होते.

मावशी भडकल्या, आणि आधी माझ्यावरच. “तुला कोणी सांगितलं होतं हे लिहायला? मी तुला माझ्या स्वयंपाकघरात बसवून बोलले होते. घरच्या पोरीशी बोलावं तसं. आणि तू उठून गेलीस आणि ह्यांचं दुखणं कचेरीत टांगून ठेवलंस? येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं म्हणून?”

“मावशी, मला वाटलं होतं—”

“तुझं वाटणं राहू दे! पोरीकडे जायचं म्हटल्यापासून हे माझ्याशी बोलले नाहीत. मी आपली समजूत घालतेय, की तुलाही पटलंय म्हणजे बरोबरच असेल. तुझ्या नावावर मी त्यांचं—”

तेवढ्यात फोनमध्ये लांबून, बोजड पण खणखणीत हाक आली. “काढा! डावीकडचा आधी!”

मावशींनी फोन कशावर तरी आपटून ठेवला. ओव्हनचं दार, ट्रेचा खणखणाट, पावलं. एवढ्या लांबून तो वास येत नाही हे माहीत असूनही मी नाकाने श्वास ओढला.

मावशी परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता, आणि त्या खालच्या आवाजाची मला जास्त भीती वाटली. “त्या मुलाला सांग, उद्या माणसं पाठवू नकोस. भिंतीला हात लावलात तर हात जागेवर राहणार नाही. मोठं नको. तुझं छोटंही नको. तुमच्याकडचं काहीच नको मला. आणि बाळाला सांभाळ.” फोन बंद.

“झालं समाधान?” साहेब म्हणाले. “स्वतःच्या हाताने ऑर्डर घालवलीस.”

“हो.”

“आता ती सिस्टिममध्ये कोण बंद करणार?”

“मी करते.”

ऑर्डर गेली की सॉफ्टवेअर कारण विचारतं. त्याशिवाय पान बंदच होत नाही. किंमत जास्त. दुसरीकडून घेतलं. गरज नाही. मावशींचं कारण त्यात नव्हतं. शेवटच्या ‘इतर’ रकान्यात मी टाईप केलं, “आमच्या विक्रेत्याने गिऱ्हाइकाच्या आजारी नवऱ्याची खोली मागितली. हे त्याला माझ्या टिपणांवरून जमलं. खरं सांगितल्यावर गिऱ्हाइकाने नकार दिला.” खाली माझं नाव.

“हे काढ,” साहेब मागून म्हणाले. “हे मालकांच्या स्क्रीनवरही दिसतं.”

“एकदा लिहिलेलं काढता येत नाही, साहेब. तसं तुम्हीच करून घेतलंय. शिस्त म्हणून.”

“तुला नोकरी नकोय का?”

“हवीये. घरी लहान बाळ आहे. फार हवीये.”

ते दार आपटून आत गेले. तुफान हळूच म्हणाला, “ताई, मला खरंच वाटलं नव्हतं की...” मी त्याच्याकडे वळले नाही. तो चांगला मुलगा आहे की वाईट, हे ठरवायला मला आज वेळ नव्हता.

माझ्या जुन्या गिऱ्हाइकांची यादी अजून स्क्रीनवर होती. प्रत्येक नावाखाली माझा मजकूर. शाळेच्या उपाहारगृहवाल्या दादांचा धाकटा भाऊ दारूपायी घर सोडून गेलाय. केकवाल्या वहिनींचं नवऱ्याशी पटत नाही, निर्णय त्या एकट्या घेतात. किती प्रेमाने लिहिलं होतं सगळं. कोणाच्याही हाती लागावं असं.

मी दादांचा नंबर फिरवला.

“दादा, मी ओव्हनवाली. हो, हो, झालं, मुलगा. दादा, विकायला नाही केला फोन. तुमच्याबद्दल मी इथे काही लिहून ठेवलंय, तुम्हाला न विचारता. ते वाचून दाखवते. ऐका, आणि मग मला हवं ते बोला.”